टॉवेलची दांडी

दोन वर्षांपूर्वी सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. नशिबाने फार लागलं नाही, पण दार आत उघडणारं आणि त्या नेमक्या दाराला टेकून बसलेल्या, त्यामुळे आम्ही बाहेरून ढकलतोय तर दार त्यांनाच लागतंय, शेवटी ह्यांनी खालून फायबरचं दार फोडलं तेव्हा कुठे त्यांना बाहेर काढलं. तोपर्यंत मी कधी विचारच केला नव्हता की दार कुठल्या बाजूला उघडतं.

आता सासूबाई नाहीत, मी सत्तावन्न, हे बासष्ट, आणि दिवाळीनंतर आम्ही बाथरूम पूर्ण फोडून नवीन केली. हे म्हणाले आत्तापासून कशाला, आपण काय म्हातारे झालो का? म्हटलं गुडघे गेल्यावर धुळीत राहून काम करून घेणार का मग?

पहिलं भांडण दारावरून. टेप लावला तर जुनं दार चोवीस इंच, आणि साधी व्हीलचेअरच पंचवीस-सव्वीस इंच असते, म्हणजे वेळ आली तर खुर्ची दारातच अडकणार. सरकारी नियमावलीत ९०० मिमी, म्हणजे पस्तीसेक इंच सांगितलंय पण आमच्याकडे एका बाजूला कॉलम, त्याला हात लावता येत नाही, मग दुसऱ्या बाजूची भिंत तोडून बत्तीस इंच मिळाले. कॉन्ट्रॅक्टर म्हणे ताई, बाहेर उघडलं तर पॅसेज अडेल. अडू दे. कडीपण बाहेरून नाण्याने फिरवता येते तसली घेतली. उंबरा काढून टाकला, आतल्या फरशीला उतार दिला आणि चकचकीत टाइल्स नकोच म्हटलं, मॅट घेतल्या, त्या घासायला जरा जड जातात हे मान्य.

कमोडशेजारी उठता-बसताना धरायला दांडी लावली, तिचं मात्र नीट ऐका. आपण सगळे उठताना टॉवेलची दांडी धरतो, ती माणसाच्या वजनासाठी नसतेच, दोन बारक्या स्क्रूवर असते. आमची कमोडशेजारची भिंत सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची, त्यात नुसता प्लग मारला तर एक दिवस उपटून हातात येणार. म्हणून टाइल बसवायच्या आधीच तेवढ्या पट्ट्यात पक्क्या विटा घालून घेतल्या.

एवढं करूनही आम्ही दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग १९८८ची, लिफ्ट नाही. खाली गेटजवळच्या तीन पायऱ्यांना तरी रॅम्प करू म्हटलं, तर इंचाला फूटभर लांबी लागते, म्हणजे अठरा इंचाला अठरा फूट, आणि तो बरोबर एकाच्या पार्किंगमधून जातो. मग काय, मीटिंगमध्ये चहा झाला, विषय पुढच्या वेळी. लिफ्टचं नाव काढलं की तळमजलेवाले मोबाईल बघायला लागतात.

ह्यांना दांडी नको होती ना, तर हल्ली पाय धुताना बरोब्बर तीच धरतात, मी बघितलंय. काल सकाळी गेले तर त्या दांडीवर ह्यांचा ओला टॉवेल वाळत घातलेला.