स्टॅलियनच्या पानावर छेदही छापा

शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणाऱ्या स्टड फार्मचं, तिथल्या स्टॅलियनचं (पैदाशीच्या घोड्याचं) माहितीपत्रक उघडलं की ठळक अक्षरांत पहिली ओळ दिसते: "३ स्टेक्स विजेत्यांचा बाप." स्टेक्स म्हणजे वरच्या दर्जाच्या शर्यती. ओळ खोटी नसते. पण घोडी फळवायला आणणाऱ्याला तिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. ३ हा अंश झाला, छेद कुठे आहे?

समजा या घोड्याची धावण्याच्या वयाची ३० शिंगरं आहेत. त्यांतली २४ मैदानात उतरली, १५ जिंकली, ३ स्टेक्स जिंकली. ३० नं भागलं तर १० टक्के, २४ नं भागलं तर साडेबारा, १५ नं भागलं तर २०. घोडा तोच आणि तिन्ही आकडे खरे. पानावर घालावा तो ३० चा. जी ६ शिंगरं धावलीच नाहीत त्यांतली काही अपघातानं गेली असतील, पण काहींचे गुडघे टिकले नाहीत, काहींचा दम कमी पडला, आणि गुडघे आणि दम बापाकडूनही येतात. त्यांना हिशेबातून वगळणं म्हणजे घोड्याची एक बाजू झाकून ठेवणं.

आता पानावर काय सिद्ध झालेलं असतं आणि काय नुसतं अपेक्षेवर असतं, हे हंगाम मोजून बघा. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीत कृत्रिम रेतन चालत नाही, प्रत्यक्ष कव्हरच, म्हणजे नर-मादीचा संयोगच लागतो. घोडी सुमारे ३४० दिवस गाभण राहते. नव्या घोड्यानं २०२५ च्या वसंतात कव्हर केलेल्या घोडीचं शिंगरू २०२६ मध्ये जन्मतं, आणि भारतात सगळ्या थरोब्रेडचं वय १ जानेवारीला एकदम वाढतं. म्हणजे ते २०२८ मध्ये दोन वर्षांचं. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावरची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची, फेब्रुवारीत, २४०० मीटरवर. या पहिल्या पिकातलं (म्हणजे पहिल्या हंगामाच्या शिंगरांतलं) शिंगरू त्या डर्बीत २०३० मध्ये धावणार. तोवर बापाचे ५ हंगाम होऊन गेलेले असतात. एवढी वर्षं ब्रीडर फी देतो ती वंशावळ, घोड्याची स्वतःची धाव आणि त्याची शरीरयष्टी यांवर. म्हणून नव्या घोड्याच्या पानावर वंशावळीला अर्धी जागा देणं योग्यच आहे. पण १० पिकं झालेल्या घोड्याचं पानही आजोबा-पणजोबांनीच भरलं असेल, तर त्याच्या शिंगरांबद्दल सांगण्यासारखं काही नाही असंच समजायचं.

वंशावळीचा तक्ता पाच पिढ्यांचा केला तर २, ४, ८, १६ आणि ३२ मिळून ६२ नावं येतात. एकच नाव दोन्ही बाजूंना आलं तर ते पिढीच्या आकड्यानं लिहितात. डेनहिल हा घोडा नटाल्मा या घोडीवर ३×३ आहे: बापाकडून नॉर्दर्न डान्सरची आई म्हणून ती तिसऱ्या पिढीत, आणि आईकडून स्प्रिंग अ‍ॅड्यूची आई म्हणून पुन्हा तिसऱ्या पिढीत. एनेबल ही घोडी सॅडलर्स वेल्सवर ३×२. यावरून अंतःप्रजननाचा, म्हणजे नात्यातल्या पैदाशीचा गुणांक काढता येतो. एकाच समान पूर्वजाचा विचार केला तर ३×३ ला ३.१ टक्के, ३×२ ला ६.२५, आणि ४×४ ला एक टक्क्याहूनही कमी. पानावर "४×४ नॉर्दर्न डान्सर" असं अभिमानानं छापतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो. त्या नावाचं रक्त आता इतकं पसरलं आहे की ते नसलेली घोडीच शोधावी लागते. भारतात तर त्याचा मुलगा रझीन स्वतः येऊन राहिला आणि इथल्या कितीतरी घोड्यांच्या आजोळी आहे. ब्रीडरला उपयोगी पडेल अशी ओळ वेगळी आहे: "या घोड्यात अमुक नाव तिसऱ्या पिढीत आहे, तेव्हा त्याच नावाच्या मुली पाठवू नका." ही ओळ क्वचितच वाचायला मिळते.

सगळ्यात फसवा शब्द म्हणजे "सख्खा भाऊ". चॅम्पियनचा सख्खा भाऊ म्हणून घोडा विकणं सोपं असतं. फ्रँकेल १४ पैकी १४ शर्यती जिंकला. त्याचा सख्खा भाऊ नोबल मिशन, दोघांचा बाप गॅलिलिओ आणि आई काइंड. नोबल मिशनही ग्रुप १ (सर्वोच्च दर्जाच्या शर्यतीचा) विजेता होता आणि त्यानं कोड ऑफ ऑनरसारखा घोडा दिला, पण पैदाशीत तो फ्रँकेलच्या जवळपासही गेला नाही. कागदावरची वंशावळ अक्षर न् अक्षर सारखी असली तरी प्रत्येक शिंगराच्या वाट्याला आईबापांची वेगवेगळी अर्धी चिठ्ठी येते. शर्यतीतल्या कामगिरीत वंशाचा वाटा अभ्यासागणिक १० पासून ३५ टक्क्यांपर्यंत निघतो. बाकीचा वाटा संगोपन, ट्रेनर, जमीन, जॉकी, आजारपण यांचा.

आईच्या बाजूला आपल्याकडे आजोळ हा सुंदर शब्द आहे, आणि घोड्याच्या व्यवहारात आजोळाला मान मोठा. इथे मराठीत लिहिणाऱ्यानं एक खबरदारी घ्यावी. आपला "सावत्र" दोन्हीकडून चालतो, बाप एक असो की आई एक. विक्रीच्या कॅटलॉगांत मात्र सावत्र भाऊ म्हणजे फक्त एका आईची शिंगरं. एकाच बापाची शेकडो असतात, त्यांना कोणी भाऊ म्हणत नाही. गॅलिलिओचा बाप सॅडलर्स वेल्स आणि सी द स्टार्सचा बाप केप क्रॉस, पण दोघे सावत्र भाऊ ठरतात ते फ्रान्समधली १९९३ ची आर्क शर्यत जिंकलेल्या अर्बन सी या घोडीमुळे. एक इंग्लंडमधल्या एप्समची २००१ ची डर्बी जिंकला, दुसरा २००९ ची. म्हणून मराठी पानावर सरळ "एकाच आईचा" लिहावं. दुसरी अडचण ब्लॅक टाइपची. कॅटलॉगात स्टेक्स विजेत्याचं नाव ठळक मोठ्या अक्षरांत आणि स्टेक्समध्ये क्रमांक मिळवलेल्याचं ठळक लहान अक्षरांत छापतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, तेव्हा "विजेता" की "दुसरा" हे शब्दांत लिहिणं भाग आहे. शर्यतीपुढे देश आणि मैदानही लिहावं. नुसतं "ग्रुप १" म्हटलं तर ते महालक्ष्मीचं की एप्समचं हे कळत नाही, आणि दोन्हींचं वजन एक नाही.

आता मुद्दा पैदाशीच्या गुणवत्तेचा. गॅलिलिओ ब्रिटन-आयर्लंडचा चॅम्पियन सायर (ज्याच्या शिंगरांची वर्षातली कमाई सर्वाधिक तो बाप) १२ वेळा झाला, २००८ मध्ये आणि मग २०१० ते २०२० सलग. त्यात शंका नाही. पण त्याच्याकडे येणाऱ्या घोड्याही जगातल्या उत्तमांपैकी होत्या. घोड्यानं माद्यांच्या दर्जात भर घातली की नुसता त्यांचा दर्जा पुढे नेला, हे कळायला दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात. एईआय म्हणजे त्याच्या धावलेल्या शिंगरांची कमाई, सर्वांची सरासरी १.०० धरून. सीआय म्हणजे त्याच माद्यांना इतर स्टॅलियनांपासून झालेल्या शिंगरांची कमाई, त्याच मापात. एईआय १.६० पण सीआय १.९० असेल, तर या घोड्यानं चांगल्या माद्यांना खाली आणलं. एईआय १.४० आणि सीआय ०.९५ असेल, तर त्यानं सामान्य माद्यांना वर उचललं. दुसऱ्याची फी पहिल्याच्या निम्मी असली तरी माझी घोडी मी दुसऱ्याकडे पाठवीन. जाहिरातीत मात्र एकटा १.६० दिसतो.

एईआयमध्येही खोट आहे, कारण ती सरासरी आहे. २० शिंगरं धावली, १९ नी प्रत्येकी ३ लाख मिळवले आणि एकानं १ कोटी ४३ लाख. एकूण २ कोटी, सरासरी १० लाख. मधल्या क्रमांकाचं शिंगरू मात्र ३ लाखांचंच, आणि तुमच्या घोडीचं शिंगरू त्याच्यासारखं निघण्याचा संभव जास्त. सरासरीच्या शेजारी हा मधला आकडा छापणारा स्टड विश्वास ठेवण्याजोगा.

"निक" (ठरावीक बाप आणि ठरावीक आजोबाच्या मुली यांची जमणारी जोडी) नावाची गोष्टही याच चाळणीतून घालावी. गॅलिलिओ आणि डेनहिलच्या मुली ही जोडी फ्रँकेल, टिओफिलोमुळे गाजली. ती चांगलीच होती. पण डेनहिलच्या उत्तम मुलीच मोठ्या संख्येनं गॅलिलिओकडे गेल्या, तेव्हा त्याच मुलींनी इतर घोड्यांपासून काय दिलं आणि गॅलिलिओनं इतर माद्यांवर काय दिलं, हे बघितल्याशिवाय जोडीचं श्रेय ठरत नाही. तीन-चार शिंगरांच्या आधारावर निक जाहीर करणारं पान सरळ बाजूला ठेवावं. त्यापेक्षा स्नायूंच्या वाढीशी संबंधित मायोस्टॅटिन जनुकाची तपासणी छापलेली बरी. सी/सी असेल तर शिंगरांचा कल कमी अंतराकडे, टी/टी लांब अंतराकडे, सी/टी मधला. २४०० मीटरचं स्वप्न बघणाऱ्याला ही एक ओळ खूप काही सांगते.

फळण्याचे आकडे तर बहुतेक ठिकाणी लपवलेलेच. "८४ टक्के" म्हणजे काय? ५० घोड्यांपैकी ४२ गाभण राहिल्या, पण जिवंत शिंगरं ३६ झाली, म्हणजे ७२ टक्के. आणि त्या ४२ साठी एकूण ८४ माज वापरले गेले असतील, तर दर माजाला यश निम्मंच. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा, कारण माज २१ दिवसांनी येतो. व्यालेल्या घोडीनं दरवर्षी शिंगरू द्यायचं तर ३६५ मधून ३४० वजा जाता ती जेमतेम २५ दिवसांत पुन्हा गाभण राहायला हवी. एक माज वाया गेला की पुढचं शिंगरू तीन आठवडे उशिरा, आणि १ जानेवारीच्या हिशेबात ते तीन आठवडे त्याला कायम नडतात. कव्हरनंतर १४ ते १६ दिवसांत स्कॅन करून जुळं आहे का ते बघतात. ते उशिरा कळलं तर बहुधा दोन्ही गर्भ जातात, आणि दोष मात्र घोड्यावर येतो.

आरोग्याच्या ओळीत तारखेसह हवं: ग्लँडर्स या रोगाची चाचणी, इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमियाची कॉगिन्स चाचणी, सरा या रोगाची चाचणी, आणि लैंगिक मार्गानं पसरणाऱ्या टेलोरेला, क्लेबसिएला, स्यूडोमोनास या जंतूंचे स्वॅब. "निरोगी" हा शब्द पुरत नाही. उंची हातांत (एक हात ४ इंचांचा) लिहितात आणि तिथेही चूक होते. १६.१ म्हणजे १६ हात १ इंच, एकूण ६५ इंच, दशांश नव्हे. १५.३ नंतर १६.० येतं, १५.४ असं काही नसतं.

फोटो डाव्या बाजूनं, सपाट कडक जमिनीवर, खूर दिसतील असा. पुढचे-मागचे पाय किंचित पुढेमागे, म्हणजे चारही वेगळे दिसतात. कॅमेरा पोटाच्या उंचीवर, लांबून. मोबाइल जवळ नेला की डोकं मोठं आणि पुठ्ठा बारीक येतो. गवतात उभा केला तर खुरांबद्दल शंका येते, चढावर उभा केला तर मागून उंच असलेला घोडाही सरळ दिसतो, आणि हे जाणकाराच्या लगेच लक्षात येतं. सोबत समोरून आणि मागून चालतानाची चित्रफीत द्या. गुडघा मागे असेल किंवा पाय आत वळत असेल तर तसं लिहा. त्यानं घोड्या कमी होत नाहीत. ज्यांच्या घोडीत तोच दोष आहे ते येत नाहीत, आणि त्यांचं न येणं घोड्याच्याच आकड्यांना चांगलं. सारंगखेड्याच्या बाजारात पंचकल्याणी आणि भोवरे बघून सौदे होतात, तशी रंगाची ओळ इथे फार लांबवू नये. फक्त घोडा चेस्टनट (तांबूस) असेल आणि घोडीही चेस्टनट, तर शिंगरू चेस्टनटच होणार, एवढं सांगितलं की पुरे.

फीच्या अटींत "जिवंत शिंगरू" म्हणजे नेमकं काय ते लिहा: स्वतः उभं राहून आईला प्यालेलं, आणि किती तास जगलेलं. घोडी रिकामी राहिली तर पुढच्या हंगामात फुकट कव्हर की पैसे परत, आणि तोवर घोडा विकला किंवा मेला तर काय, हेही. पानाच्या तळाशी आकडे कोणत्या तारखेपर्यंतचे आणि इंडियन स्टड बुकच्या नोंदीशी कधी ताडून पाहिले, ती तारीख घाला. नव्या घोड्याला पहिल्या हंगामात फी थोडी कमी ठेवून, पूर्वी विजेते दिलेल्या घोड्या आधी मिळवा, स्वतःच्या चांगल्या घोड्याही त्यालाच द्या, आणि त्यांची यादी आईच्या नावासह पानावर छापा. २०३० मध्ये सीआयचा आकडा याच यादीतून निघणार आहे.