पक्षकाराच्या हातचा पंचनामा

गेले आठ महिने रात्रीच्या जेवणानंतरचे दीड-दोन तास मी शंभर वर्षांपूर्वीच्या इराणविषयीचे ब्रिटिश सरकारी कागद वाचण्यात घालवतो आहे. सांगलीच्या न्यायालयात बत्तीस वर्षे दिवाणी दावे चालवले, त्यांतले निम्मेअधिक मार्केट यार्डातील अडते आणि व्यापारी यांच्यातील हिशेबाचे. अशा माणसाने तेहरान आणि इराणच्या आखातावरील बुशहर बंदराच्या फायलींत का शिरावे, असे घरच्यांनीही विचारले. त्याचे उत्तर मला नीट मांडावेसे वाटते, कारण या कागदांत मला जे सापडले ते वकिलीच्या अनुभवावाचून सापडले नसते.

हिंदुस्थानचा कारभार लंडनहून पाहणाऱ्या इंडिया ऑफिसचे दप्तर आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातला इराणी आखाताविषयीचा मोठा भाग कतार डिजिटल लायब्ररीने 2014 पासून सर्वांसाठी खुला केला आहे, त्यामुळे सांगलीत बसून कोणालाही पानन् पान पाहता येते. इराणमधल्या घडामोडींचे कागद आखाताच्या दप्तरात येण्याचे कारण असे की, बुशहरचा ब्रिटिश रेसिडेंट हा हिंदुस्थान सरकारचा माणूस होता आणि तोच दक्षिण इराणसाठी ब्रिटनचा कॉन्सल-जनरलही होता. त्याच्या एका अहवालाची प्रत तेहरानच्या वकिलातीत, एक दिल्ली-सिमल्याला आणि एक लंडनला जाई. या साऱ्या यंत्रणेच्या खर्चाचा मोठा वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे आपल्या पणजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्यातून जात असे. म्हणून हे दप्तर परक्याचे आहे असे मला वाटत नाही.

फाईल उघडली की आधी दिसते ते टिपणीचे पान. मूळ पत्र आत असते. वरच्या पानावर कनिष्ठ कारकुनाने चार ओळींत सार काढलेले असते, त्याखाली वरिष्ठाचा शेरा, त्याखाली त्याच्याही वरच्याचा दोन शब्दांचा शेरा आणि आद्याक्षरे. समासात पेन्सिलीची उभी रेघ असते, आणि ती नेमकी ज्या वाक्याशेजारी आहे तेच वाक्य पुढच्या पत्रात जवळजवळ जसेच्या तसे उतरलेले सापडते. आपल्याकडच्या मामलेदार कचेरीत ज्याने जुनी फाईल चाळली आहे, त्याला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. मी आता पत्राआधी रेघा वाचतो.

वकील हा शब्दही येथे आठवतो. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारात राहून इकडे बातमीपत्रे पाठवणारा माणूस. निजामाच्या दरबारातून गोविंदराव काळे पुण्याला लिहीत असत ते याच नात्याने. न्यायालयात उभा राहणारा तो वकील, हा अर्थ नंतर रुळला. अर्ज, फिर्याद, दावा, हुकूम, जामीन, दरखास्त हे आमचे रोजचे शब्द फारसीच्या वाटेने आले आहेत, आणि इराणमध्ये तेव्हा न्यायखात्याला अदलिया म्हणत. इंग्रजी अहवालात हे शब्द मोडक्या स्पेलिंगने भेटतात, तेव्हा इंग्रजाला परका असलेला शब्द मला मात्र ओळखीचा असतो.

पण ओळखीचा शब्द फसवतोही. 1925 च्या कायद्याने इराणने साखर आणि चहावर मणामागे कर बसवला, साखरेवर 2 क्रान (क्रान म्हणजे तेव्हाचे इराणी नाणे) आणि चहावर 6 क्रान, आणि त्या पैशातून आखातापासून कास्पियन समुद्रापर्यंतची रेल्वे परदेशी कर्ज न काढता 1938 मध्ये पूर्ण केली. पहिल्या वाचनात मी हा मण आपल्या चाळीस शेरांचा धरला आणि कर अगदीच किरकोळ वाटला. तब्रीझी मण जेमतेम तीन किलोंचा असतो, हे कळल्यावर सारा हिशेब फिरवावा लागला. बुशहरकडचा हाशिमी मण तर पन्नास किलोंच्या वर जातो. ज्यांना हळदीच्या सौद्यातले वजन-मापाचे तंटे ठाऊक आहेत त्यांना यातला धोका कळेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 1828 च्या तुर्कमानचाय तहाने रशियन प्रजाजनांना इराणी न्यायालयांच्या अधिकाराबाहेर ठेवले होते, आणि 1841 व 1857 च्या तहांनी इंग्रजांनीही तीच सवलत मिळवली. इराणी माणूस आणि परदेशी यांच्यातला खटला इराणी परराष्ट्र खात्याच्या कारगुजार नावाच्या अधिकाऱ्यापुढे, कॉन्सलच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत चाले. बुशहरच्या ब्रिटिश न्यायासनासमोर हिंदी व्यापारी उभा राहिला तर त्याला लागू होणारे दंडविधान हिंदुस्थानातलेच असे. इराणने 10 मे 1927 रोजी या सवलती एका वर्षाच्या मुदतीने रद्द करत असल्याची नोटीस दिली. त्याआधी फेब्रुवारीत न्यायमंत्री अली अकबर दावर यांनी अख्खे न्यायखाते बरखास्त केले होते, आणि एप्रिलमध्ये नवी न्यायालये उघडली होती. दावर जिनिव्हात कायदा शिकलेले. त्यांच्या आडनावाचा अर्थच निवाडा करणारा असा आहे. दिवाणी संहितेची पहिली 955 कलमे 8 मे 1928 रोजी मंजूर झाली आणि नोटिशीची मुदत दोनच दिवसांनी, 10 मेला संपली. एखाद्या देशाने तारखेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत कैफियत तयार करत बसावे, तसे हे वर्ष मला दिसते, आणि त्यातल्या जिद्दीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्या वर्षातले ब्रिटिश अहवाल वाचताना मन कष्टी होते. नवे न्यायाधीश कितपत शिकलेले, त्यांचा पगार किती तुटपुंजा, लाच चालेल का, ब्रिटिश प्रजाजनाला अटक झाली तर कॉन्सलला कधी कळेल, हीच काळजी ओळीओळीत आहे. हे प्रश्न खोटे नव्हते. तेहरानच्या दरबारातले ब्रिटनचे वकील, म्हणजे राजप्रतिनिधी, सर रॉबर्ट क्लाइव्ह यांनी दरबारमंत्री तैमूरताश यांच्याशी वाटाघाटी करून परदेशीयांच्या खटल्यांबाबत लेखी हमी मिळवली, आणि 10 मे 1928 च्या तहात त्या बदल्यात इराणला स्वतःचे जकातदर ठरवण्याचा हक्क मान्य केला. पण ज्याचा विशेषाधिकार जाणार आहे, त्यानेच नव्या न्यायालयाच्या लायकीचा दाखला लिहायचा, हे पक्षकारानेच पंचनामा लिहिण्यासारखे आहे. साताऱ्याने हे 1839 मध्येच भोगले. रेसिडेंट कर्नल ओव्हान्सने जमवलेल्या कागदांच्या आधारावर प्रतापसिंह महाराजांचे राज्य गेले, आणि रंगो बापूजी गुप्ते ते कागद खोडून काढण्यासाठी लंडनमध्ये चौदा वर्षे खपले.

मग हे अहवाल टाकून द्यावेत का? माझे ठाम उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते मी हळदीच्या एका दाव्यातून शिकलो. वीसेक वर्षांपूर्वी हरिपूरच्या पेवात ठेवलेल्या राजापुरी हळदीच्या किमतीवरून एक व्यापारी माझ्या अशिलावर उलटला. पैसे पोचलेच नाहीत असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या खातेवहीत सारे त्याच्या बाजूचे होते, आणि जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 34 प्रमाणे नुसत्या वहीवर कोणावर देणे लादता येत नाही, एवढाच माझा आधार होता. उलटतपासाच्या आदल्या रात्री रोजकीर्द पुन्हा पाहिली, तेव्हा एका पानाच्या तळाशी, दुसऱ्याच एका खर्चाच्या तपशिलात, आमच्याकडून आलेल्या रकमेचा उल्लेख त्याच्याच हस्ताक्षरात सापडला. स्वतःच्या फायद्यासाठी लिहिलेल्या शंभर नोंदी ज्या कामी येत नाहीत, ते काम स्वतःविरुद्ध नकळत गेलेली एक नोंद करते.

इराणच्या फायली मी तशाच वाचतो. 25 फेब्रुवारी 1931 रोजी इराणने परदेशी व्यापाराची मक्तेदारी सरकारकडे घेतली. आयात करायची तर तेवढ्याच किमतीच्या इराणी मालाची निर्यात झाल्याचा दाखला हवा, आणि हे दाखले बाजारात विकले-घेतले जाऊ लागले. मुंबईहून चहा पाठवणाऱ्याला आता आधी गालिच्याचा किंवा सुक्या मेव्याचा निर्यातदार शोधावा लागे. या कायद्यावरच्या ब्रिटिश तक्रारी ढीगभर आहेत. मात्र कारणे सांगायची वेळ आली की त्याच अहवालांत चांदीचा जगभर कोसळलेला भाव, त्याबरोबर घसरलेला चांदीचा क्रान, आणि उत्तरेकडे सोव्हिएत सरकारी मक्तेदारीपुढे हतबल झालेला एकटा इराणी व्यापारी, हे सारे येते. म्हणजे कायद्याला सबळ कारण होते, हे तक्रारदाराच्याच तोंडून कळते.

तेलाच्या प्रकरणात हे सर्वांत उघड दिसते. 1914 पासून अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे बहुसंख्य भाग ब्रिटिश सरकारकडे होते, म्हणजे तेहरानचा वकील तेलावर अहवाल लिहायचा तेव्हा तो भागधारकाचाच नोकर असायचा. तेलाचा हक्क देणाऱ्या 1901 च्या डार्सी करारानुसार इराणला निव्वळ नफ्याच्या 16 टक्के मिळायचे होते. 1930 मध्ये इराणला 12,88,312 पौंड मिळाले आणि 1931 मध्ये 3,06,872. एका वर्षात चौथ्या हिश्शाहूनही खाली. इराणने करार रद्द केल्याची 27 नोव्हेंबर 1932 ची बातमी ज्यांना माथेफिरूपणाची वाटली, त्यांनी हे दोन आकडे एकाखाली एक मांडून पाहावेत.

प्रकरण राष्ट्रसंघापुढे गेले. जानेवारी 1933 मध्ये जिनिव्हात ब्रिटनकडून बोलायला सर जॉन सायमन उभे राहिले, ज्यांच्या कमिशनला आपल्या लोकांनी काळे झेंडे दाखवले होते तेच, आणि इराणकडून दावर. इराणचे म्हणणे असे की हा एका कंपनीशी झालेला खाजगी करार आहे, दोन राष्ट्रांतला तंटा नव्हे. पुढे 29 एप्रिल 1933 रोजी तेहरानला नवा करार झाला: टनामागे 4 शिलिंग, वर्षाला किमान 7,50,000 पौंडांची हमी, आणि मुदत मात्र 1993 पर्यंत वाढलेली. तैमूरताश त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तुरुंगात मरण पावले. दावर यांनी फेब्रुवारी 1937 मध्ये आत्महत्या केली. तेहरानची वकिलात दरवर्षी प्रमुख इराणी व्यक्तींची स्वभावटिपणे लंडनला पाठवी, आणि त्या याद्यांतून अशी नावे एका वर्षी असून दुसऱ्या वर्षी गळालेली पाहिली की मी थोडा वेळ पडदा बंद करून बसतो.

जिनिव्हातला तो मुद्दा मेला नाही. इराणचे पंतप्रधान मोसद्देक यांनी तेल राष्ट्रीय मालकीचे केल्यावर ब्रिटन हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले, आणि 1933 चा करार म्हणजे एका अर्थी दोन सरकारांतला तहच आहे असे म्हणाले. 22 जुलै 1952 रोजी न्यायालयाने 9 विरुद्ध 5 मतांनी निकाल दिला की हा सरकार आणि कंपनी यांच्यातला करार आहे, तह नव्हे, आणि म्हणून हा तंटा ऐकण्याचा न्यायालयाला अधिकार नाही. न्यायालयाचे अध्यक्ष सर अर्नोल्ड मॅकनेअर स्वतः ब्रिटिश होते. या प्रकरणापुरते त्यांनी अध्यक्षपद उपाध्यक्षांकडे सोपवले, पण ते पीठावर बसले, आणि त्यांचे मत त्या नऊ मतांत होते.