जिप्सीचा जॅक: मापं, सॅडल आणि बाभळीचा ठोकळा

मोठे टायर टाकलेल्या जिप्सीला कच्च्या रस्त्यावर पंक्चरच्या वेळी पुरेल असा जॅक तयार करतोय, आणि पावसाळ्याआधी ते काम बरंच पुढे सरकलंय. जॅकखालची फळी तयार आहे, पहिली सॅडल (जॅकच्या डोक्यावर बसणारी, गाडी टेकवायची खोबण) बसली, चाक चढवायचा ठोकळाही कापून झाला. दुसरी सॅडल आणि गाडीत जॅक घट्ट धरून ठेवणारा क्लॅम्प एवढं बाकी आहे. आतापर्यंतची मापं इथे सविस्तर देतोय, कारण जिप्सी, जिमनी किंवा थार घेऊन कच्च्या रस्त्याला जाणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी ही आकडेमोड करावीच लागणार आहे.

गाडी जिप्सी किंग. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) मूळचेच, म्हणजे ॲक्सलच्या, दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या नळीच्या, खालून जाणारे. टायर मात्र २०५/७० आर १५ काढून २३५/७५ आर १५ टाकलेत. मूळ टायरचा व्यास ६६८ मिमी, नव्याचा ७३४ मिमी. ॲक्सल ३३ मिमी वर गेला आणि कंपनीचा जॅक तेवढाच तोकडा पडला. टायर बदलताना जॅकचा विचार फार कमी जण करतात.

नवीन जॅक घेताना सगळे आधी टन विचारतात. दोन टन, तीन टन, पाच टन. जिप्सी रिकामी सुमारे हजार किलोची. माणसं, पाणी, हत्यारं, तंबू धरून १,३०० किलोच्या आसपास. मागच्या ॲक्सलचं एक टोक उचलायचं तर जॅकवर साडेतीनशे किलो येतात. दोन टनांचा बाटली जॅक त्याला कितीतरी जास्त होतो. खरी अडचण असते ती उंचीची: पंक्चर झालेल्या गाडीखाली जॅक शिरतो का, आणि हवा भरलेली स्टेपनी आत जाईल इतकं उचलतो का.

म्हणून मापं घेताना मागच्या एका चाकाची हवा पूर्ण काढली. हे प्रत्येकाने करून बघावं. हवा भरलेल्या टायरवर घेतलेलं माप रस्त्यात काही कामाचं नाही.

हवा गेल्यावर रिम जवळपास रबरावर टेकते आणि चाकाचा मध्य जमिनीपासून २३० मिमीवर येतो. जॅक लावायची माझी जागा चाकापासून २५ सेंमी आत आहे, पाटा आणि यू-बोल्टची प्लेट सोडून, ॲक्सलच्या नळीखाली. तिथे नळीची खालची बाजू २१५ मिमीवर होती. त्यातून फळी आणि तिच्यावरची लोखंडी प्लेट मिळून ४२ मिमी वजा, सॅडलची जाडी ८ मिमी वजा. उरले १६५. माझा जॅक मिटलेला असताना १५८ मिमी. म्हणजे तो सात मिमीच्या फटीत शिरतो, पण जॅकच्या डोक्यावरचा, हाताने फिरवून उंची वाढवायचा स्क्रू वर काढायला जागाच राहत नाही.

आता दुसरं टोक. हवा भरलेल्या स्टेपनीची त्रिज्या ३६७ मिमी. ती ओढाताण न करता स्टडवर चढवायला खाली आणखी २० तरी हवेत. म्हणजे चाकाचा मध्य ३८७ पर्यंत न्यायचा, १५७ मिमी उचलायचं. इथे ॲक्सल थोडी मदत करतो. तो पलीकडच्या टायरवर टेकून वर फिरतो आणि जॅक चाकाच्या आत असल्यामुळे जॅकपेक्षा चाक जास्त वर जातं. जिप्सीचं दोन चाकांमधलं अंतर सुमारे १३०० मिमी, जॅक पलीकडच्या चाकापासून १०५० वर. हिशेब केला की जॅकला १२७ मिमी उचलावं लागतं. माझ्या जॅकचा तेलावरचा उचल ११५ मिमी. बारा मिमी कमी. आणि हा हिशेब सिमेंटच्या कोब्यावरचा आहे. भोरच्या बाजूला भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या तांबड्या चिखलात फळी दबते ती वेगळीच.

इथे तीन वाटा होत्या. दुहेरी नळीचा जॅक घ्यायचा, जो मिटल्यावर बुटका आणि उघडल्यावर उंच असतो. किंवा अर्धवट उचलून, ॲक्सलखाली आधार देऊन, जॅक काढून ठोकळ्यावर ठेवून पुन्हा उचलायचं. हे दुसरं काम उतारावर करायला मला अजिबात आवडत नाही. तिसरी वाट म्हणजे जॅक लावायच्या आधीच पंक्चर झालेलं चाक उंचावर चढवायचं. मी ही धरली.

लाकडाच्या वखारीतून बाभळीचा ठोकळा आणला. उंची ६० मिमी, वरचा सपाट भाग २०० मिमी, चढायची बाजू लांब उतरती कापून घेतली आणि पलीकडच्या टोकाला चाक थांबायला आडवी पट्टी ठोकली. फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणारी मंद गती) पहिल्या गिअरवर गाडी हळूच ठोकळ्यावर चढवायची, बाहेर एक माणूस हाताने इशारा करायला ठेवायचा. चाक वर बसलं की सगळे आकडे बदलतात. चाकाचा मध्य २९० वर जातो, नळीची खालची बाजू जॅकच्या जागी २६३ वर. जॅकला २१३ मिमी मिळतात, म्हणजे स्क्रू ५० मिमीपेक्षा जास्त आधीच वर काढता येतो. चाक आता ९७ मिमी उचलायचं, त्यासाठी जॅकचा उचल ७८ पुरतो. उरलेले ३७ मिमी जमीन दबण्यासाठी शिल्लक. एका लाकडाच्या तुकड्याने हे काम केलं, म्हणून मी दुहेरी नळीच्या जॅकचा खर्च तूर्त टाळलाय. तरीही कमी पडलंच तर स्टेपनीच्या खालची माती फावड्याने चार बोटं काढायची. गाडी आणखी उचलण्यापेक्षा खाली खणणं केव्हाही सुरक्षित.

आता फळीबद्दल, कारण माझ्या मते पावसाळ्यात जॅकइतकीच ती महत्त्वाची. बाटली जॅकचा तळ साधारण १० बाय १० सेंमी. साडेतीनशे किलो शंभर चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे दर चौरस सेंमीला साडेतीन किलो. २० पीएसआय हवेचा टायर जमिनीवर साधारण १.४ किलोने दाबतो. ज्या मातीत टायर रुतायला लागलाय तिच्यात जॅकचा तळ सरळ खाली जाणार, यात नवल नाही. ३० बाय ३० सेंमीच्या फळीवर हाच दाब ०.४ किलोच्या खाली येतो. काळ्या मातीत मात्र पाऊस मुरल्यावर हीसुद्धा पुरत नाही. तिथे खाली दोन चपटे दगड किंवा ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या) टाकून वर फळी ठेवायची.

फळी १८ मिमीच्या मरीन प्लायचे दोन तुकडे चिकटवून केली. एकाचे धागे दुसऱ्याला आडवे जातील असे ठेवले. रात्रभर शिकंज्यात, मग कडा घासून सगळीकडून ऑइल पेंट, विशेषतः कडांना, कारण पाणी तिथूनच शिरतं. वर ६ मिमी जाडीची १५ बाय १५ सेंमी एम.एस. (साध्या पोलादाची) प्लेट चार काउंटरसंक बोल्टने बसवली. तिचं वजन जेमतेम किलोभर, पण तिच्याशिवाय जॅकचा तळ लाकडात रुततो आणि फळी मधोमध वाकते. प्लेटच्या चारही बाजूंना २५ मिमीच्या ॲंगलचे छोटे तुकडे वेल्ड केलेत, म्हणजे जॅकचा तळ घसरून बाहेर जाणार नाही. एका कोपऱ्याला नायलॉनची दोरी, चिखलातून ओढून काढायला.

सॅडलवर सर्वात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. बाटली जॅकच्या स्क्रूचं डोकं रुपयाच्या नाण्यापेक्षा फार मोठं नसतं. गोल नळी त्यावर टेकवली की संपर्क जवळपास एका रेषेवर, आणि गाडी जरा हलली तरी नळी गडगडत बाहेर जाऊ शकते. ॲक्सलच्या नळीला दोरा गुंडाळून परीघ घेतला, त्यावरून व्यास काढला आणि त्याहून थोड्या मोठ्या आतल्या व्यासाचा जाड पाइप शोधला. पाइपचा ६० मिमी लांबीचा तुकडा उभा चिरून त्याची पन्हळ केली. खाली बुश (लोखंडी नळकांडं), जो स्क्रूच्या डोक्यावर टोपीसारखा चढतो.

लेथवाल्या मिस्त्रींनी विचारलं, "दादा, बुश किती खोल घेऊ?"

"डोकं पूर्ण आत जाऊन स्क्रूच्या आट्यांवरही थोडा उतरू द्या."

"मग जॅक मिटवताना तो बॉडीवर आदळेल की."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शेवटी बुश डोक्याच्या उंचीएवढा खोल, पण आतून घट्ट मापाचा घेतला, आणि बाजूने ६ मिमीचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला, आवळून धरणारा) दिला. मिटलेल्या उंचीत फक्त ८ मिमीची भर पडली. बुश आणि पन्हळ जोडताना पट्ट्यांचे दोन आधार तिरपे दिलेत. वेल्डिंग सगळं सॅडलवर, जॅकपासून दूर. जॅकच्या रॅमला (वर येणाऱ्या दांड्याला) किंवा बॉडीला वेल्डिंग कधीही करू नका: आतले सील उष्णतेने जातात आणि तेलाने भरलेल्या बंद भांड्यावर आर्क मारणं हा जिवाशी खेळ आहे.

सॅडल लावताना मागच्या ॲक्सलवरून जाणारा ब्रेक पाइप पन्हळीत चिमटला जात नाही ना, हे बॅटरी मारून बघावं. जागा पक्की झाल्यावर नळीवर पिवळ्या पेंटने दोन पट्टे ओढलेत. अंधारात, पावसात आडवं होऊन शोधाशोध करायला नको.

उचलण्याआधीच्या गोष्टीत एक मला फार महत्त्वाची वाटते. "गाडी गिअरमध्ये टाकली आहे" यावर विसंबू नका. टू-व्हीलमध्ये (जोर फक्त मागच्या चाकांना) मागचं एक चाक हवेत गेलं की उघड्या डिफरन्शियलमुळे (दोन चाकांत जोर वाटणारा गिअरचा डबा) ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरच्या चाकाला गिअरचा अडसर राहत नाही. फोर-लो टाका, पुढचे हब (चाक ॲक्सलशी जोडणारे) लॉक करा, हँडब्रेक ओढा आणि पलीकडच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. चाक काढल्यावर ते चासीखाली सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी त्याच्यावर बसेल. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नको.

फार्म जॅकबद्दल, म्हणजे उभ्या लोखंडी पट्टीवर दांड्याने वर चढणाऱ्या उंच जॅकबद्दल, बरेच जण विचारतात. अमेरिकेत इंडियानातल्या ब्लूमफिल्ड गावचा हाय-लिफ्ट १९०५ पासून बनतोय आणि मला ते यंत्र मनापासून आवडतं. ४८ इंची जॅक १३ किलोच्या आसपास, आणि त्यात जास्त भार आला तर आधी तुटावा म्हणून खास कमकुवत ठेवलेला बोल्ट असतो. तो तुटला तर साधा नट-बोल्ट घालून काम चालवू नये. जिप्सीचे बंपर लोखंडी, त्यामुळे पकडायला जागा आहे. पण बंपर उचलला की आधी पाटे मोकळे होतात, चासी वर जाते आणि चाक जमिनीवरच राहतं. चाक सुटेपर्यंत गाडी खूप उंच गेलेली असते आणि एका पट्टीवर डोलत असते. ॲक्सल आणि चासी रॅचेट पट्ट्याने आधीच आवळून बांधले तर हा झोल बराच कमी होतो. चाकाच्या भोकांत अडकवायचे हुकही मिळतात, चाकच थेट वर येतं. चरातून बाहेर पडायला चाकाखाली दगड भरायचे असतील तर ते छान, चाक बदलायला अर्थातच नाही. दांडा उलटा उसळतो तेव्हा जबडा फोडू शकतो. डोकं कायम त्याच्या फेऱ्याच्या बाहेर, आणि उतरवायची कळ फिरवण्याआधी दांडा पट्टीला टेकलेला. म्हणून तो मी रुतलेली गाडी काढायला ठेवलाय, पंक्चरसाठी नाही.

गॅरेजमधला ट्रॉली जॅक खाली पत्रा ठोकून कच्च्यावर वापरणारेही आहेत. त्याचं डोकं वर जाताना कमानीत सरकतं, म्हणून त्याला चाकं असतात. चाकं मातीत अडकली की डोकं ॲक्सलवर घासत सरकतं. माझ्यासाठी तो बाद.

मित्राच्या २०२० नंतरच्या थारला हीच फळी आणि ठोकळा चालतो. तिचा मागचा ॲक्सल अखंड आहे, पुढचं सस्पेन्शन मात्र स्वतंत्र. पुढे नळी नाही, तेव्हा पन्हळीचा उपयोग नाही. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावायचा. आणि ती जागा चासीवर असेल तर चाक खाली लोंबण्याचे मिलिमीटर हिशेबात धरायचे. म्हणून दुसरी सॅडल सपाट, चार कडांना छोट्या ओठांची आणि वर रबर चिकटवलेली करतोय. थारचे १८ इंची २५५/६५ टायर ७८९ मिमीचे, त्यामुळे ठोकळ्याची उंचीही नव्याने काढावी लागेल. हवा काढून मापं घ्यायला तो तयार झालाय.

जॅकचं तेल बदललं. हायड्रॉलिक ऑइलच घातलं. ब्रेक ऑइलने यातले सील फुगून खराब होतात. व्हॉल्व्ह उघडा ठेवून पंप मारून हवा काढली. आता मागच्या चाकाच्या कमानीवर तो उभाच राहील असा क्लॅम्प करायचाय, कारण आडवा पडून हादरे खात राहिला की तेल झिरपतं आणि हवा शिरते. ४० मिमी पट्टीची दोन कडी, आत जुन्या ट्यूबचं रबर, वर विंग नट असा विचार आहे. कोणी जिप्सीत असा क्लॅम्प केला असेल तर बोल्ट बॉडीच्या पत्र्यातून घेतले की खाली मागून प्लेट दिली, तेवढं कळवा. पत्रा तिथे पातळ आहे आणि भोकं पाडण्याआधी मला हे ठरवायचंय.