रिव्हर्सिंग स्टेशन

मागच्या पावसाळ्यात आमच्या हर्बेरियममधल्या जुन्या शीट्स संगणकावर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शीट म्हणजे दाबून वाळवलेली वनस्पती चिकटवलेला जाड कागद. खाली उजव्या कोपऱ्यात लेबल: नाव, ठिकाण, तारीख, कोणी गोळा केली. ते वाचून टाइप करायचं आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश भरायचे. डांबरगोळ्यांच्या वासाने संध्याकाळपर्यंत डोकं जड व्हायचं.

त्या दिवशी गठ्ठा निघाला तो फादर सांतापाव यांच्या खंडाळ्याच्या शीट्सचा. १९०३ साली स्पेनमध्ये जन्मलेला हा जेझुइट पाद्री १९४० मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायला आला. पुढे १९५४ मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची नव्याने उभारणी झाली, त्यातही त्यांचा मोठा हात. पण मला ते माहीत होते त्यांच्या १९५३ सालच्या खंडाळ्याच्या फ्लोरामुळे, म्हणजे तिथल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या ग्रंथामुळे. तेच तेच डोंगर ते ऋतूमागून ऋतू पुन्हा पुन्हा चढले, आणि कुकच्या मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरच्या जुन्या ग्रंथातलं वर्णन समोरच्या जिवंत झाडाशी जुळलं नाही, तर तसं सरळ लिहून मोकळे झाले.

पहिलीच शीट आषाढ आमरीची. आमरी म्हणजे ऑर्किड; जमिनीलगत बदामाच्या आकाराचं एकच पान, वर पांढरं फूल असणारी ही आमरी. इथे फूल चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं, पण खालचा बोराएवढा कंद शाबूत होता, त्याला चिकटलेल्या लाल मातीसकट. ठिकाण: खंडाळा, रिव्हर्सिंग स्टेशन.

नकाशावर शोधलं. असं स्टेशनच नाही. म्हटलं, खंडाळा स्टेशनचंच जुनं नाव असेल, आणि तिथले आकडे ठोकून दिले. पुढच्या शीटवर तेच, मग आणखी एक. दुपारपर्यंत सव्वीस शीट्स खंडाळ्याच्या फलाटावर उगवल्या होत्या.

जेवताना मात्र चुटपुट लागली. फलाटावर आमरी? आमच्या सोसायटीतल्या एका काकांना फोन लावला, घाटात इंजिन चालवून निवृत्त झालेले.

"अगं, ते खंडाळा स्टेशन नव्हे!" काका जवळजवळ ओरडलेच. "१८६३ मध्ये घाटातली लाइन सुरू झाली ना, तेव्हा चढाला वळायला जागाच नव्हती. मग गाडी एका टोकाला न्यायची, इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलटी वर काढायची. ते रिव्हर्सिंग. १९२९ मध्ये नवीन बोगदे झाले आणि ते बंद पडलं."

"पण होतं कुठे?"

"तो अमृतांजन पूल पाडला ना लॉकडाउनमध्ये, त्या अंगाला. कितीदा गेली असशील तिथून गाडीने."

खरंच की. एक्सप्रेस-वेवरून दर वेळी पेंगत गेले होते.

म्हणजे फादर तिथे हिंडत होते तेव्हाच ते स्टेशन बंद पडलेलं होतं. तरी लोकांच्या तोंडात नाव होतं, म्हणून त्यांनी ते लिहिलं. नुसतं 'खंडाळा' लिहिलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं, पण आज मला ती जागा सापडलीही नसती. तिथे आता आमरी आहे की नाही, हे निदान जाऊन बघता तरी येईल.

सव्वीसच्या सव्वीस नोंदी परत उघडल्या. दुरुस्त करताना सहा वाजले. शिपाईमामा किल्ल्या खुळखुळवत दारात उभे होते.

"मॅडम, निघायचं ना?"

"मामा, दोन मिनिटं."

खालच्या कपाटातून माझीच एक शीट काढली, एम.एस्सी.च्या सहलीतली. तीच आमरी, चांगली पसरून लावलेली, फूलही अजून फिकट. लेबलवर माझ्या अक्षरात: 'लोणावळा परिसर, डोंगरउतार.'

कोणता डोंगर, ते कितीही आठवलं तरी आठवेना.