शेळीला आवळा लागत नाही

थंडी पडली की ठाण्यात जांभळी नाक्यावर आवळ्यांचे ढीग लागतात. मी भावावरून घासाघीस करत असते आणि पलीकडे एक शेळी कोबीच्या टाकलेल्या पानांबरोबर खोक्याचा पुठ्ठाही चघळत असते. आवळ्याकडे ढुंकून बघत नाही. बघेल कशाला? तिचं यकृत साध्या ग्लुकोजपासून क जीवनसत्त्व घरच्या घरी तयार करतं, तेही रोज काही ग्रॅम. आपलं शंभरेक मिलिग्रॅमवर भागतं, पण तेवढंही विकत आणावं लागतं.

ही विद्या आपल्याही घराण्यात होती म्हणे. शेवटच्या टप्प्याला लागणाऱ्या एन्झाइमचा जनुक आजही आपल्या पेशींत आहे, फक्त मोडका. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत तो बिघडला. पोटात फळं-पाला भरपूर जात असावा, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. गिनीपिगचीही तीच गत. १९०७ साली नॉर्वेत त्यांना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर क जीवनसत्त्वाअभावी खलाशांना व्हायचा तो स्कर्व्ही नावाचा आजार त्यांनाही झाला. तिथे उंदीर घेतले असते तर शास्त्रज्ञ हात हलवत परतले असते!

पण शेळीपुढे हरलो तरी मांजरीपुढे आपली कॉलर ताठ आहे. आमच्या सोसायटीतली मनी सकाळी स्कूटरच्या सीटवर पोट वर करून उन्हात पसरते. शेजारचे काका कौतुकाने म्हणतात, "बघ, ड जीवनसत्त्व घेतेय." कसलं काय! त्यासाठी कातडीत जो कच्चा माल लागतो, तो मांजरीचं शरीर आधीच कोलेस्टेरॉलकडे वळवून टाकतं. ऊन तिला फक्त ऊब देतं. ड मिळतं ते उंदीर-मासळीतून. गाजरातल्या कॅरोटीनपासून अ बनवणंही तिला जमत नाही. आपल्याला जमतं. गाईचं ब-१२ तर पोटातले जिवाणू करतात, श्रेय गाईला.

उन्हातून ड बनवायचा आपला कारखाना मात्र अजून धडधाकट आहे, आणि ठाण्यात उन्हाला तोटा नाही. तरी काका दर रविवारी दुधातून ड ची पुडी घेतात. काकू दहाच्या आत गॅलरीचे पडदे ओढून घेतात. उन्हाने सोफ्याचा रंग उडतो ना.