शब्द काढून घेतल्यावर

शनिवार, रात्री

आज आमच्या विंड बँडच्या, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या आणि तालवाद्यांच्या बँडच्या, तालमीनंतर कार्यक्रमाची यादी ठरवायला बसलो. पूर्वार्ध कधीच ठरलाय, त्यात बँडसाठीच लिहिलेल्या रचना आहेत. वाद झाला तो उत्तरार्धावरून, म्हणजे लोकांच्या ओळखीच्या पॉप गाण्यांवरून. प्रत्येकाने आपापली आवडती गाणी आणली होती आणि प्रत्येकाचा दावा एकच, "हे वाजलं की लोक हॉल डोक्यावर घेतील." फोनवर एकेक गाणं लागत होतं, माना डोलत होत्या. माझ्या डोक्यात मात्र दर गाण्याला तेच येत होतं: आपल्याकडे गायक नाही.

ही गोष्ट इतकी उघड आहे की यादी करताना कुणाच्या ध्यानातच राहत नाही. गाणं आवडतं म्हणजे त्यातलं नेमकं काय आवडतं? कधी आवाज, कधी शब्द, कधी एखाद्या ओळीआधी ऐकू येणारा गायिकेचा श्वास. विंड बँडमध्ये हे सगळं जातं. उरते चाल, ठेका आणि वाद्यांचे रंग. म्हणून माझी कसोटी साधी आहे. फोन बंद करायचा आणि अंतरा नुसता 'ला ला' करून म्हणायचा. मुखडा सगळ्यांना जमतो. अंतऱ्यात पितळ उघडं पडतं.

ट्रम्पेटमधल्या सगळ्यात धाकट्या मुलीने सध्या सगळीकडे वाजणारं एक गाणं सुचवलं. पहिल्या क्लॅरिनेटने तिथल्या तिथे त्याचा अंतरा वाजवून दाखवला. जवळजवळ अख्खी ओळ एकाच सुरावर, भराभर, जिभेने तोडत. गायक त्या एका सुरावर शब्दांशी खेळतो, एखादं अक्षर आपटतो, एखादं मागे रेंगाळू देतो. क्लॅरिनेटवर तेच आलं तेव्हा कुणीतरी दारावरची बेल सोडायलाच तयार नसल्यासारखं वाटलं. सगळे हसले, तीही हसली, पण हट्ट काही सोडला नाही. आणि तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, कारण मुखडा खरोखर झकास आहे. शेवटी बँड चालवणाऱ्या सरांनी तोड काढली: अंतरा निम्मा कापायचा, शब्दांची लय स्नेअर आणि काँगा या ड्रम्सवर द्यायची, खाली ट्युबा आणि बॅरिटोन सॅक्सचा बेस चालू ठेवायचा आणि थेट मुखड्यावर यायचं. गाणं यादीत राहिलं, पण पेन्सिलीने.

याच्या उलट उदाहरण 'सप्टेंबर'चं. 'अर्थ, विंड अँड फायर' या अमेरिकी बँडचं हे गाणं 1978चं, पण अजून कुठेही लावा, पाय हलतात. मूळ गाण्यातच ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, आहेत, त्यामुळे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाल्यांना आयतं मिळतं. त्याहून गंमत म्हणजे त्याच्या मुखड्यातले ठळक शब्द मुळात निरर्थक अक्षरं आहेत. शब्द काढून घेतले तरी गाण्याचं फारसं काही जात नाही! जपानमध्ये तर विंड बँडवाल्यांचं जवळजवळ राष्ट्रगीत झालेलं 'ताकाराजिमा' हे मुळात गाणंच नाही. टी-स्क्वेअर या फ्यूजन बँडची 1986ची वाद्यरचना आहे ती. तोशियो माशिमा यांनी ती विंड बँडसाठी बांधली आणि आज तिथल्या शाळाशाळांमधून ती वाजते. सुरुवातीला आगोगो बेलचा, म्हणजे धातूच्या जोडघंटेचा, तो टणक ठेका, मध्ये सगळ्या सॅक्सनी मिळून घेतलेली धावती जागा. गायकाची उणीव भासण्याचा प्रश्नच नाही, कारण त्या चालीला गायक कधी नव्हताच.

पट्टीचं गणित आज पुन्हा एकदा नव्या मुलांना सांगावं लागलं. गिटारवर रचलेली पुष्कळ गाणी ई मेजरमध्ये असतात, तिथे गिटारच्या मोकळ्या तारा छान वाजतात. पण आमचे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही बी फ्लॅटची वाद्यं, म्हणजे कागदावरचा सी वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट. त्यामुळे त्यांना तेच एफ शार्पमध्ये वाचावं लागतं, म्हणजे सहा शार्प, सूर अर्धा चढवायच्या सहा खुणा. आल्टो सॅक्स ई फ्लॅटचं, त्याची गत आणखी वाईट, सी शार्प, सातच्या सात. कागदावर नुसती काटेरी झुडपं. गाणं अर्धा सूर वर नेऊन एफमध्ये किंवा अर्धा सूर खाली ई फ्लॅटमध्ये आणलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि श्रोत्यांना पत्ताही लागत नाही. "पण मूळ गाणं तर असं नाही," असं म्हणणारा एखादा निघतोच. त्याच्या हातात आल्टो सॅक्सचा पार्ट द्यायचा, लगेच मत बदलतं.

मला जास्त काळजी ओठांची वाटते. पॉप गाणं पुन्हा पुन्हा मुखड्यावर येतं आणि शेवटचा मुखडा पुष्कळदा एक सूर वर चढवलेला असतो, म्हणजे ट्रम्पेटवाले सगळ्यात थकलेले असतात नेमके तेव्हा त्यांच्याकडून सगळ्यात वरचे सूर मागितले जातात. अशी दोन गाणी लागोपाठ ठेवली तर दुसऱ्याचा शेवट चिरकणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून मधे एक संथ गाणं हवं, ज्यात युफोनियम, म्हणजे ट्युबाचा धाकटा भाऊ, चाल धरेल आणि ट्रम्पेट खाली मान घालून ओठांना विसावा देतील. युफोनियम वाजवणारे काका हे ऐकून काही बोलले नाहीत, पण त्यांनी चष्मा पुसून परत लावला. त्यांच्या वाट्याला चाल येते कधी!

आणि शेवट. रेकॉर्डवर कितीतरी गाणी हळूहळू विरत जातात. पन्नासेक माणसांनी एकत्र विरायचं म्हटलं तर समोरच्यांना वाटतं, हे थांबले की वीज गेली. बँडला ठाशीव शेवट लागतो आणि तो मूळ गाण्यात नसला तर कुणीतरी लिहावा लागतो. बँडसाठी बांधलेली छापील अरेंजमेंट विकत घेतली की तो तयार मिळतो. शिवाय परवानगीचा प्रश्नही बहुतांशी प्रकाशकाने सोडवलेला असतो. स्वतः बांधायची तर हक्कदाराची परवानगी आधी, नोटेशन नंतर.

मेडलीवरून, म्हणजे अनेक गाण्यांचे तुकडे जोडून केलेल्या रचनेवरून, थोडी खडाजंगी झाली. सरांना मेडली आवडते, एकाच फटक्यात आजी ते नातू सगळे खूश. मला नाही आवडत. लोकांना गाणं ओळखू येतं, हात टाळीसाठी वर येतात, आणि तेवढ्यात आम्ही पुढच्या गाण्यावर गेलेले असतो. शिवाय दोन गाण्यांना जोडणाऱ्या त्या चार मात्रांमध्येच बँड सगळ्यात जास्त कोलमडतो. मतदान झालं. मी हरले. एक मेडली घेतोय.

टाळ्यांचं मात्र सगळ्यांना पटलं. श्रोते ठेक्यावर टाळ्या धरायला लागले की हमखास लय वाढते आणि मागच्या रांगेतले बँडऐवजी टाळ्यांच्या मागे पळतात. ड्रमवाल्याला ताकीद दिली आहे: काहीही झालं तरी तू सरांच्या हाताकडे बघ. जिथे लोक टाळ्या देणारच, ती दोन गाणी जरा कमी लयीत सुरू करायची असंही ठरलं.

घरी येताना जॉन फिलिप सूझा या अमेरिकी बँडमास्तर-संगीतकाराचा विचार डोक्यात होता. 1892मध्ये स्वतःचा बँड काढून हा माणूस जवळजवळ चाळीस वर्षं दौरे करत राहिला. छापील यादीत ऑपेरातले वजनदार भाग असायचे, पण प्रत्येकानंतर टाळ्या विरायच्या आत तो एखादा मार्च नाहीतर लोकांच्या तोंडी असलेली धून सुरू करायचा. हलकंफुलकं सगळं उत्तरार्धात कोंबायची आमची पद्धत मला त्यामुळेच खटकते. पूर्वार्धातल्या त्या लांबलचक रचनेनंतर लगेच 'सप्टेंबर' ठेवलं तर? सरांना रात्रीच मेसेज टाकला. त्यांचं उत्तर आलं: "ट्रम्पेटच्या ओठांना विचार." विचारलं. ट्रम्पेटवाले तयार आहेत, फक्त मधे दोन मिनिटं कुणीतरी माईकवर बोलत राहायला हवं म्हणतात. ते काम कुणाच्या गळ्यात मारायचं, हे पुढच्या तालमीला बघू.