झडत्या तोंडपाठ, वही कोरी

पोळ्याची सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा तिसरीच्या पोरांना मी 'आमचा पोळा' लिहायला दिलं. आधी सगळ्यांनी तोंडी सांगायचं. त्याने (नाव मुद्दामच देत नाही) वर्ग गाजवला. आदल्या रात्रीची खांदशेकणी (बैलांचे खांदे शेकतात ती), तोरणाखाली बिथरलेला काकाचा गोऱ्हा, वर दोन झडत्या, म्हणजे पोळ्यात तोरणाखाली म्हणतात ती चटकदार कवनं. त्यातली एक अशी की मीच तोंडाला पदर लावला.

मग वही. अर्ध्या तासात दीड ओळ. 'बैल'चा 'बल', 'तोरण'चं 'तरन'.

दोन वर्षं याच पोराला मी आळशी म्हणत आले. चुकलेला शब्द दहादा लिहून आणायची शिक्षाही माझीच. त्या दिवशी पान उलटलं आणि बोटांना अक्षरं लागली. पेन्सिल इतकी दाबलेली की मागच्या बाजूला उठून आली होती. एका ठिकाणी तर कागदच फाटला होता.

दुसऱ्या दिवशी शेजारी बसून नुसती बघत राहिले. आधी शिरोरेषा ओढायचा, मग तिच्याखाली अक्षरं. काही टेकलेली, काही घसरलेली. मात्रा सगळ्यात शेवटी, तोवर कुठली कुठे द्यायची ते निसटलेलं. 'घ'-'ध'ची अदलाबदल पहिलीत बऱ्याच पोरांची होते. पण तिसरीत, रोज, एकाच ओळीत दोन्ही तऱ्हांनी? फळ्यावरून उतरवताना एकेका अक्षरासाठी मान वर.

आई म्हणाली, "याले सारं समजते, पन लिव्हाले बसला का हात दुखते म्हनते. मले वाटे, बहाने करते."

तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना दाखवलं. त्यांनी आधी डोळे-कान तपासून घ्यायला लावले, मग पुढच्या तपासणीला पाठवलं. तिथे 'डिसग्राफिया' हा शब्द कळला, म्हणजे लिहिण्यातली अध्ययन अक्षमता. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, प्रमाणपत्र असलं की दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, हे मी आईला सांगत बसले. तिला दहावीचं काय! तिने एकच विचारलं, "पोरगं येडं तं नाही ना?"

"झडत्या म्हणून दाखवतो का घरी?" मी विचारलं. ती हसली.

आता जाड पेन्सिल आहे. ताटात सरकी पसरून तो बोटाने अक्षरं काढतो. स्वतः दोन ओळी लिहितो, बाकीचं सांगतो आणि मी उतरवून घेते. परवा भरभर लिहीत होते तर मला थांबवून म्हणाला, "मॅडम, हळू लिव्हा ना, हात दुखन तुमचा."